आयोगाच्या परवानगीनं

मागच्या पावसाळ्यात माझी चौकशी झाली. सूतगिरणीचं नाव सांगत नाही, नोकरी अजून तिथंच आहे. वर्धा जिल्ह्यातली गिरणी, एवढं पुरे. मी रिंग फ्रेमवर सायडर. तिसरी पाळी होती. रात्री अडीचच्या सुमाराला दोन फ्रेम पलीकडं डॉफिंग करणारं एक पोट्टं किंचाळलं. गिअरकडचं झाकण काढून ठेवलेलं होतं, त्यात त्याचं बोट गेलं. मी माझी बाजू सोडून धावलो. मशीन बंद केलं, फडकं बांधलं, त्याला धरून गेटपर्यंत नेलं. परत आलो तोवर माझ्या फ्रेमवर धागे तुटून पडले होते, बरंच सूत वाया गेलं होतं. तिसऱ्या दिवशी हातात चार्जशीट. आरोप: परवानगीशिवाय कामाची जागा सोडणे.

चौकशी अगदी नियमानं झाली. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. चार्जशीट मराठीत होतं. उत्तराला मुदत दिली. सोबत एक कामगार आणायची मुभा दिली. चौकशी अधिकारी म्हणून आलेले वकीलसाहेब मला एकदाही अरे-तुरे बोलले नाहीत. खुर्ची दिली, पाणी विचारलं. (पाणी विचारलं, हे आपल्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाही.) मग म्हणाले, "तुम्ही मशीन सोडलं का? हो की नाही?"

मी म्हटलं, "हो, पण साहेब, त्या पोराचं बोट..."

"बोटाचा विषय या चौकशीत नाही. हो की नाही?"

मी हो म्हटलं. कारकुनानं लिहिलं, आरोप मान्य. खाली माझी सही. चार दिवस सस्पेंड, बिनपगारी.

घरी आलो तेव्हा माय चुलीपाशी होती. "बोलू देलं का तुले?"

"देलं."

"मंग काहून धावला म्हून कोनी इचारलं नाही?"

माझ्या मायला अक्षर येत नाही. पण तिनं विचारलेला प्रश्न मला कोणत्या पुस्तकात सापडला नाही, म्हणून हे लिहायला बसलो. सगळं नियमानं झालं नि माझ्यावर अन्याय झाला, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा? वकीलसाहेब वाईट नव्हते. कारकून बिचारा सांगेल ते लिहीत होता. म्हणजे अन्याय त्या खोलीत झालाच नाही. तो त्याआधी कधीतरी, दुसऱ्या खोलीत झाला. जिथं ठरलं की विषय कोणता, नि विषयाबाहेर काय. त्या खोलीत कोण बसलं होतं?

दोस्तांनो, मी नववी नापास. कायद्याची पुस्तकं सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतली, अर्ध्या किमतीत, पानं दुमडलेली. इंग्रजी निम्मं कळतं, निम्मं युनियनच्या भाऊंनी सांगितलं. चुका असतील तर त्या माझ्या.

आधी गिरणीचं बघितलं. कारखान्यात चार्जशीट कसं द्यावं, चौकशी कशी करावी, हे ज्या कागदात असतं त्याला स्टँडिंग ऑर्डर म्हणतात. त्यासाठी १९४६ चा कायदा होता. मसुदा मालकानं करायचा. सरकारी अधिकाऱ्यानं तो युनियनकडं पाठवायचा, युनियन नसेल तर कामगारांकडं. पंधरा दिवसांत हरकती मागवायच्या. मग दोघांचं ऐकून शिक्का मारायचा. म्हणजे बघा, कधीतरी एकदा कोणाला तरी विचारलं जायचं. पण त्याच कायद्यात गंमत होती. तो नियम न्याय्य आहे का, वाजवी आहे का, हे बघण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला नव्हता. तसं लिहूनच ठेवलं होतं. १९५६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा तो अधिकार आला. दहा वर्षं एक माणूस नियम वाचत होता, शिक्का मारत होता, आणि 'हे बरोबर आहे का' एवढंच विचारायची त्याला मनाई होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा गेला, औद्योगिक संबंध संहिता आली. तिच्यात स्टँडिंग ऑर्डरची सक्ती तीनशे किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. दोनशे नव्व्याण्णव असतील तर तशी सक्ती नाही. आमच्यासारख्या गिरणीला नेमकं काय लागू, यावर वकील लोक दिवसभर भांडू शकतात. मी त्यात पडत नाही. मला एवढंच दिसतं, की चौकशीचा लेखी नियम असावा की नसावा, हे मुंड्या मोजून ठरतं. आणि हजेरीपटावर किती मुंड्या दाखवायच्या, हे पुन्हा ठेकेदार नि मालक ठरवतात.

माझे चार दिवसच गेले. जिथं माणसं गेली, तिथल्या चौकशीचे नियम कसे होतात?

विदर्भात राहणाऱ्याला यासाठी लांब जावं लागत नाही. २३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू. गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडं गेला. आम्हाला आदिवासी म्हणून मान्यता द्या, एवढं मागणं. गाई चारणारी माणसं. संध्याकाळी लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली, ११४ जण मेले. त्यात बहुतेक बाया नि लेकरं. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पण आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसलात की ती तारीख निघतेच. सरकारनं न्यायमूर्ती दाणींचा आयोग नेमला. अहवाल आला. दोष कोणावर ठेवला गेला नाही. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला मात्र आदिवासी गोवारी शहीदांचं नाव मिळालं. मी पुस्तकं घेतो तो फुटपाथ तिथून जवळच.

दाणी आयोगात कोण काय बोललं, यावर मी बोलत नाही. मी बोलतो ते त्या आयोगाच्या वरच्या कायद्यावर. चौकशी आयोग कायदा, १९५२. छोटासा कायदा आहे, एका तिसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत वाचून होतो. कळायला मला वर्ष लागलं.

आयोग सरकार नेमतं. कशाची चौकशी करायची, ते विषयही सरकार लिहून देतं. पैसे सरकार देतं. अहवाल सरकारच्या हातात जातो. तो पाळायचं बंधन सरकारवर नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९५८ सालीच दालमिया खटल्यात सांगून ठेवलं. सरकारला वाटलं तर आयोग बंदही करता येतो. श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६ मध्ये असाच गुंडाळला होता, मे महिन्यात पुन्हा उभा केला. हे सगळं माहीत होतं. नवीन कळलं ते कलम आठ.

कलम आठ म्हणतं, आयोगानं आपली कार्यपद्धती आपण ठरवायची. बैठक कुठं, केव्हा, दार उघडं की बंद, हेसुद्धा. त्यावर सरकारनं केलेले नियम असतात. केंद्राच्या १९७२ च्या नियमांत आहे, की ज्याचं ऐकावं असं आयोगाला वाटेल त्याला नोटीस काढायची, आणि बाकी ज्याला काही माहीत असेल त्यानं निवेदन द्यावं म्हणून जाहीर आवाहन करायचं. निवेदनासोबत शपथेवरचं प्रतिज्ञापत्र.

आता कलम ८-ब. हे १९७१ साली घातलं. ज्याच्या वागण्याची चौकशी होणार, किंवा चौकशीमुळं ज्याच्या अब्रूला धक्का लागेल, त्याला ऐकलंच पाहिजे, त्याला बचावाचा पुरावा देऊ दिलाच पाहिजे. 'ऐकावं वाटलं तर' नाही. ऐकलंच पाहिजे.

त्याच्या शेजारी ८-क. साक्षीदाराची उलटतपासणी कोणी करायची? आयोगापुढं भाषण कोणी करायचं? वकील कोणी लावायचा? पहिलं नाव सरकारचं. दुसरं, ज्याची अब्रू धोक्यात आहे त्याचं. तिसरं, ज्याची साक्ष झाली आहे असा इतर कोणीही, पण आयोगाच्या परवानगीनं.

आयोगाच्या परवानगीनं. हे शब्द वाचले त्या रात्री झोप आली नाही.

म्हणजे समजा, चेंगराचेंगरीत एका बाईचं लेकरू गेलं. एका साहेबावर ठपका यायची शक्यता आहे. साहेबाला बोलायचा हक्क आहे, कारण त्याच्याजवळ अब्रू आहे नि ती जाऊ शकते. बाईला परवानगी लागते. तिचं जे जायचं ते आधीच गेलं. कायदा जाऊ शकणाऱ्या गोष्टीला जपतो, गेलेल्या गोष्टीचं त्याच्याकडं खातं नाही. आणि अब्रू कोणाला असते, हे आपल्याला नवं शिकवायला नको. गावकुसाबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना अब्रू आहे असं कोणत्या दप्तरात लिहिलं होतं? पाटलाला अब्रू, देशमुखाला अब्रू, आमच्या आजाला फक्त पाठ.

इथं मी स्वतःलाच अडवतो. कारण रागात माणूस ८-ब फाडून टाका म्हणेल. ते चूक होईल. गिरणीतल्या त्या खोलीत ८-ब वाला माणूस मीच होतो. आरोप माझ्यावर होता, अब्रू माझी जात होती, पगार माझा कापला जाणार होता. आरोपीला ऐकलंच पाहिजे, हा नियम नसता तर चार्जशीटऐवजी सरळ गेटबाहेर. आपल्या लोकांवर किती खोटे आरोप येतात! उद्या तो नियम गेला तर पहिला बळी आपलाच. नियम चांगला आहे. खोट आहे ती त्याच्या शेजारच्या ओळीत, जिथं दुसऱ्या माणसाचं बोलणं परवानगीवर सोडलं.

काही मित्र म्हणतात, नियमच नकोत, लोकांनी बसावं नि न्याय करावा. त्यांनी गावचा पंच पाहिला नाही. आमचे मोठे बाबा सांगायचे, पंचात कोणताच नियम लिहिलेला नसे. पण ओट्यावर कोण बसणार, खाली मातीत कोण, पहिलं कोण बोलणार, कोणाचं बोलणं खोकून तोडायचं, हे सगळ्यांना पाठ. तोही नियमच होता, फक्त कागदावर नव्हता, म्हणून त्याला हात घालता येत नव्हता. लिहिलेल्या नियमाचं तसं नाही. तो मला फुटपाथवर विकत मिळाला. त्याच्यावर बोट ठेवून मी विचारू शकतो, हा शब्द इथं कोणी घातला?

तर कोण घालतं? आयोग कायद्याचं कलम १२ म्हणतं, सरकारनं राजपत्रात अधिसूचना काढून नियम करावेत. संपलं. दुसरीकडं १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता, आता तोही संहितेत विरला. त्याच्या कलम ३८ मध्ये एक अट होती: नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करायचा. आधी प्रसिद्ध करायचा म्हणजे लोकांकडून हरकती व सूचना घ्यायच्या, त्या विचारात घ्यायच्या, मग नियम करायचा. हा रिवाज इंग्रजांच्या काळापासूनचा, १८९७ च्या एका कायद्यात लिहिलेला. पण मूळ कायद्यात ती अट घातली असेल तरच. गिरणीमालक नि कामगार यांच्या भांडणाच्या नियमांना ती अट लावली. गोळीबार, दंगल, चेंगराचेंगरी यांच्या चौकशीच्या नियमांना लावली नाही. का? मला वाटतं, पहिल्या ठिकाणी मालकाला हरकत घ्यायची होती. दुसऱ्या ठिकाणी हरकत घेणारे म्हणजे मेलेल्यांचे नातेवाईक, आणि ते घटनेच्या आधी नातेवाईक नसतात. कोणाला माहीत असतं आपला पोरगा कोणत्या चौकात मरणार? नियम आधी होतो, मरण नंतर येतं, म्हणून नियम होताना त्यांची खुर्ची रिकामीच राहणार. हा युक्तिवाद मी स्वतःशी बरेच दिवस मान्य केला होता.

मग लक्षात आलं, हे खरं नाही. कोणता पोरगा ते माहीत नसतं. कोणाचे पोरगे, ते माहीत असतं. ११ जुलै १९९७, घाटकोपरची रमाबाई आंबेडकर नगर वस्ती. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, लोक रस्त्यावर, राखीव पोलिसांचा गोळीबार, दहा जण ठार. तिथं गुंडेवार आयोगानं गोळीबार समर्थनीय नाही असं म्हटलं, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी एकच बाजू सांगतो असं होईल. पण आयोगापुढं सांगितलेलं खटल्यात तसंच चालत नाही. लोकांना तेच दुःख कोर्टात पहिल्यापासून सांगावं लागतं. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं शिक्षा दिली ती २००९ साली. बारा वर्षं. (पुढं हायकोर्टानं त्याला जामीन दिला.) गोवारी, रमाबाई नगर, भीमा कोरेगाव: चौकशी आयोग लागतात ते कोणाच्या वस्तीत, हे सत्तर वर्षांत सरकारला पुरतं कळलेलं आहे. ती माणसं आज जिवंत आहेत. नियम करताना त्यांना विचारता येतं.

घटनेत एकविसावं कलम आहे. माणसाचं जीवित नि स्वातंत्र्य कायद्याद्वारे प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीशिवाय हिरावता येणार नाही. 'प्रस्थापित' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी मोठ्यानं हसलो. आपल्या पानांवर तो शब्द शिवीसारखा वापरतो आपण. पण घटना परिषदेत यावर जे झालं ते हसण्यावारी नाही. कार्यपद्धती कायदेमंडळ करेल ती, की ती योग्य आहे का हे न्यायाधीशांनीही तपासायचं? १३ डिसेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी उभं राहून सांगितलं, की दोन्हीकडं धोका आहे. कायदेमंडळातला पक्ष हक्क तुडवू शकतो. पाच-सहा न्यायाधीश आपल्या आवडीनिवडीवर कायदा तोलू शकतात. त्यांनी तिढा लपवला नाही, निर्णय सभागृहावर सोडला. न्यायाधीशांच्या हातात फार न देणारा शब्द राहिला. पण बाबासाहेब तिथं थांबले नाहीत. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी जे कलम आणलं ते आजचं बाविसावं. अटक केली तर कारण सांगा. वकील भेटू द्या. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभा करा. मोठं तत्त्व हातातून निसटलं तेव्हा त्यांनी कारण, वकील आणि चोवीस तास या तीन बारीक गोष्टी पकडल्या. कार्यपद्धती न्याय्य, वाजवी असली पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाला म्हणायला १९७८ साल उजाडलं, मनेका गांधी खटल्यात. तीस वर्षं ते चोवीस तासच कामी आले.

आयोगापुढं बोलायचं कसं हे आपल्याला येत नाही, असं कोणी म्हणू नये. जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला हंटर आयोगाला शिक्षणावर निवेदन दिलं. बाबासाहेबांनी जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढं साक्ष दिली, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. माझ्याच वयाचे. पण दोघांनाही लिहिता येत होतं, इंग्रजीत येत होतं. ज्याला येत नाही त्याचं काय, हा प्रश्न ते दोघं त्या कागदांतूनच विचारत होते.

दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांवरच्या अत्याचारांची चौकशी झाली. १९९६ मध्ये तिथल्या सत्यशोधन नि समेट आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या. त्यांनी जबान्या लिहून घेणारी माणसं वस्त्यांत पाठवली. सुमारे २१ हजार जबान्या घेतल्या. माणूस आपल्या भाषेत बोले, दुभाषी लावलेले. सुनावण्या गावोगावच्या सभागृहांत. त्या आयोगावरही पुष्कळ टीका आहे, गुन्हेगारांना माफी दिली म्हणून, आणि ती मला पटते. पण लिहायचं काम आयोगाचं, बोलायचं काम माणसाचं, एवढी वाटणी त्यांनी केली. आपल्याकडं उलट आहे. दुःख तुझं, कागद तुझा, नोटरी तुझा, एसटीचं भाडं तुझं, आणि परवानगी आमची.

कलम आठमध्ये आयोगाला आपली पद्धत ठरवायची मोकळीक आहे ना? मग कायदा न बदलताही पहिली बैठक पद्धतीवरच घेता येते. त्याच वस्तीत, संध्याकाळी, कामावरून लोक परत आल्यावर. बाई, तुमचं ऐकायचं तर कसं ऐकू? कोणत्या वेळी याल? विषयात काय राहिलं? असं विचारायला कोणतं कलम आडवं येतं, मी शोधतोय, अजून सापडलं नाही. सरकारनं दिलेल्या विषयांची हद्द मात्र आडवी येते, हे मान्य. बोटाचा विषय या चौकशीत नाही.

आता त्या पोट्ट्याचं सांगायचं राहिलं. त्याची चौकशी झालीच नाही. तो ठेकेदाराचा, गिरणीच्या हजेरीपटावर नाव नाही, म्हणून त्याला चार्जशीटही नाही नि त्याच्या बोटाची नोंदही नाही. मला निदान खुर्ची मिळाली. तो देवळी तालुक्यातल्या त्याच्या गावी परत गेला. दिवाळीत मी गेलो होतो, दोनशे पानी वही घेऊन. सांग म्हटलं, पहिल्यापासून, मी लिहितो. त्यानं सांगितलं. झाकण कोणी काढलं होतं, किती दिवसांपासून उघडं होतं, मुकादमाला कितीदा सांगितलं, फडकं कोणत्या रंगाचं होतं. मी मधे एकदाही विषयाबाहेर आहे असं म्हटलं नाही. साडेचार पानं झाली. वाचून दाखवली. एका जागी तो म्हणाला, "असं नोको लिहू भाऊ, मी रडलो नव्हतो, वरडलो होतो." खोडून तसं लिहिलं.

सही करताना त्याला वेळ लागला. उजव्या हाताचं पहिलं बोट नाही, तो डाव्यानं लिहायला शिकून रायला आहे. नावातली वेलांटी उलटी पडली. मग वही माझ्याकडं सरकवत म्हणाला, "आता हे कोनाले द्याचं?"

वही माझ्याकडं आहे.